दारातला कोरडा आवाज

आमच्या शाळेचा पॉडकास्ट जेवणाच्या सुटीत लागतो. मुलं घरून रेकॉर्ड करून आणतात, मी ऐकून निवडते. आमच्या गासान गावातले पालकही तो फोनवर ऐकतात. मी भौतिकशास्त्र शिकवते, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. नियम एकच: घरात जे ऐकू आलं तेच आणायचं, वरून काही जोडायचं नाही.

दहावीतल्या मेरिदेलनं आपल्या आजोबांना बोलतं केलं होतं. ते जुने कोळी. वादळाआधी समुद्र कसा गप्प होतो ते सांगत होते. मागे कोंबड्या, कढईची चुरचुर. बोआक शहरात होणाऱ्या शाळांच्या स्पर्धेला पाठवावं असंच रेकॉर्डिंग होतं. मध्येच एक पुरुषाचा आवाज आला, "ताओ पो."

आमच्याकडे दारात आलेला असंच हाकारतो: मी माणूस आहे. मग आतून कोणीतरी "या आत" म्हणतं. इथे कोणीच म्हणालं नव्हतं. आजोबा बोलतच राहिले होते.

मी तो तुकडा पुन्हा ऐकला. घर सिमेंटच्या उघड्या भिंतींचं असावं, कारण आजोबांचा शब्द न् शब्द घुमत होता. तो आवाज मात्र घुमत नव्हता. तोंड मायक्रोफोनला टेकवल्यासारखा कोरडा होता.

"जोडलाय पोरीनं," संगणक शिकवणारे नेस्तोर सर अरारूटचं बिस्किट मोडत म्हणाले. "तुम्हीच ना शिकवता ध्वनिलहरी? घ्या आता."

मी मेरिदेलला बोलावलं. "खरं सांगितलंस तर इथेच मिटेल. बोआकला उघडकीला आलं तर सगळे तुला लबाड म्हणतील."

"मी नाही जोडला, मॅम."

"मग कोण आलं होतं?"

"कोणीच नाही. घरात आम्हाला ऐकूच आला नाही. नंतर रेकॉर्डिंग लावलं, तेव्हा लोलो म्हणाले, राहू दे, फक्त उत्तर द्यायचं नाही." आजोबांना ती लोलो म्हणते. ती रडली नाही. "तुमच्यासमोर करते ना पुन्हा. बटण तुम्हीच दाबा."

ते मला पटलं. शंका असेल तर प्रयोग पुन्हा करावा.

दुसऱ्या दिवशी दुपारी आजोबा आले. दाराबाहेर चपला काढून आत शिरले. आमची रेकॉर्डिंगची खोली म्हणजे पूर्वीची सामानाची कोठी. भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकलेले.

"एवढी अंडी खाल्ली कोणी?" त्यांनी विचारलं.

"नेस्तोर सरांनी," मेरिदेल म्हणाली, आणि दोघं हसले.

मी कडी लावली. हेडफोन चढवले. बटण दाबलं.

आजोबा बोलू लागले. पडद्यावरची रेषा त्यांच्या शब्दांबरोबर उसळत होती. ते श्वास घ्यायला थांबले, तशी ती सपाट झाली.

"ताओ पो."

माझ्या उजव्या कानात. रेषा सपाटच होती.

मी वळून पाहिलं. कडी लागलेली होती. मेरिदेल आजोबांकडे पाहत होती. दोघांना काहीच ऐकू आलं नव्हतं.

"ताओ पो." या वेळी जरा थकून, उन्हात तिष्ठत उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखं.

लहानपणापासूनची सवय.

"या आत," मी म्हणाले.

आजोबांचं बोलणं तुटलं. ते माझ्याकडे पाहत नव्हते, माझ्या खांद्यामागे पाहत होते.

"बाई," ते हळूच म्हणाले, "कोणाला म्हणालात?"

मग ते उठले. "चल, मेरिदेल." चपला पायात न घालता हातातच घेऊन गेले.

सुटीनंतर मी मेरिदेलचं पहिलं रेकॉर्डिंग लावलं. तो आवाज नव्हता. त्या जागी नुसता आजोबांचा श्वास होता.

"घाबरली आणि पुसला," नेस्तोर सर म्हणाले.

"तुम्ही स्वतः काढून कपाटात ठेवलेल्या प्रतीतूनही?"

त्यांनी ती लावून पाहिली. तिच्यातही नुसता श्वासच होता.

मेरिदेलनं काहीही जोडलेलं नाही, असं मी मुख्याध्यापिकांना सांगितलं. शब्द दिला. सोमवारी तिचा भाग लागला.

कोंबड्या. कढई. आजोबा. मग त्या जागी एका बाईचा आवाज, कोरडा, न घुमणारा.

"या आत."

मुलं हसली. "मॅम, तुम्हीपण होतात तिथे?"

मेरिदेल हसली नाही.

तिच्या घरी मी कधीच गेलेले नाही. माझ्या आवाजापाठोपाठ चपला काढल्याचा आवाज होता. एक. मग दुसरी.

मी एकटी राहते. चपला दाराबाहेर काढते. हल्ली तिथे जागा कमी पडते.