सत्तावीस नंबरचं कार्ड

"मॅडम, लवकर या! अनमताई पडली!"

शिपाई देवमनची हाक ऐकून ग्रंथपाल संस्कृती जुन्या प्रबंधांच्या खोलीकडे धावली. लोखंडी शिडीच्या पायथ्याशी अनम निपचित पडली होती. डोक्याखाली रक्त साकळलं होतं. श्वास चालू होता, पण जेमतेम.

कारंज्याच्या त्या कॉलेजातून रुग्णवाहिका गेली आणि फौजदार लालसिंगांनी फाटक बंद करायला लावलं. "शिडीवरून पाय घसरला," जो तो म्हणत होता.

संस्कृतीला ते पटेना. टेबलावर चष्म्याची डबी होती आणि चष्मा डबीतच. चष्म्याशिवाय या मुलीला वरच्या फळीवरची नावं वाचताच येत नसत. मग ती शिडीवर चढली कशाला?

शेजारी कार्डांची पेटी होती. अनम काळमुळी या वनस्पतीवर संशोधन करत होती. आधी कोणी काय अभ्यास केला याचा आढावा लिहायचा, म्हणून प्रत्येक लेखाचं, प्रबंधाचं ती एक कार्ड बनवी. संस्कृतीनं कार्डं चाळली. सव्वीस. मग थेट अठ्ठावीस.

तिनं नोंदवही उघडली. अनमनं काल मागितलेला प्रबंध : 'काळमुळीचा पाळीव जनावरांवरील परिणाम, १९९१'. एकच प्रत. फळीवर तिची जागा रिकामी होती आणि टेबलावरही ती नव्हती.



लालसिंगांनी आधी शहबाजला बोलावलं. अनमबरोबरच संशोधन करणारा हा मुलगा. काल दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं.

"कायले भांडले?"

"ती आढावा पुरा करून नाही राह्यली, साहेब. 'आजवर कुठंही अपाय नोंदलेला नाही,' हे वाक्य आमच्या सरांनी सांगूनही लिहीना. सोमवारी रिठद गावच्या चाळीस बायांवर गुडघेदुखीच्या औषधाची चाचणी आहे. काळमुळीचंच औषध."

"एक्याण्णवचा प्रबंध पाह्यला तू?" संस्कृतीनं विचारलं.

"कोणता? मले तं मालूमच नाही."

मग दोघांचे मार्गदर्शक, प्राध्यापक जानराव आले. चेहरा शांत, खांद्याला झोळी.

"सर, सकाळी तुमी या खोलीत आले होते?" लालसिंगांनी विचारलं.

"छे. वर्गावर होतो."

"एक्याण्णवचा प्रबंध अनमनं दाखवला तुमाले?" संस्कृतीनं विचारलं.

"मी तो कधी पाह्यलाच नाही. अन् जुनं कायले उकरायचं? अकरा बकऱ्या मेल्या म्हणून माणसाले अपाय होते असं थोडीच आहे!"



"सर," संस्कृती हळूच म्हणाली, "नोंदवहीत फक्त 'जनावरं' लिहिलं आहे. बकऱ्या, त्याही अकरा, हे आत वाचल्याशिवाय कसं कळलं?"

जानराव उठले. लालसिंगांनी दारात हात आडवा घातला आणि झोळी उलटी केली. पिवळ्या पुठ्ठ्याचा प्रबंध खाली पडला. त्यात सत्तावीस नंबरचं कार्ड. अनमचं अक्षर : 'अकरा बकऱ्या दगावल्या. सगळ्यांचं यकृत निकामी.'

"'आजवर कुठंही अपाय नोंदलेला नाही,' या एका वाक्यावर तुमाले चाचणी उभी करायची होती," संस्कृती म्हणाली. "ते वाक्य अनमनं आढाव्यात लिहावं हा तुमचा हट्ट. हा प्रबंध हाती आल्यावर तिनं नाही म्हटलं. सकाळी चष्मा काढून ती इथं तुमच्याशी बोलत बसली होती. तुमी तिले ढकललं, शिडी ओढून आणली, प्रबंध न् कार्ड उचललं. पण फाटक बंद झालं."

"पंधरा वर्षं घातली मी या मुळीत," जानराव पुटपुटले. "एका जुन्या चोपडीपायी सोडून देऊ?"

"औषध कुठं आहे?" संस्कृतीनं विचारलं.

कोपऱ्यात उभा असलेला शहबाज पुढं आला. "काल एसटीनं रिठदले गेलं. मीच चढवलं."

संस्कृतीनं त्याच्याकडून नंबर घेऊन रिठदच्या बचत गटाच्या प्रयागबाईंना फोन लावला.

"हो ना, भेटल्या पुड्या. सोमवारची वाट कोण पाहते? गुडघे लय दुखून राह्यले होते. म्या सकाळीच घेतली."

"अन् बाकीच्या?"

"बसल्या हायेत समोर. पाणी ओतून राह्यल्या."

"मावशी, त्याइले थांबवा! पुडी तोंडात जाऊ देऊ नका!"

पलीकडे भांडी आदळल्याचा आवाज झाला.

एकोणचाळीस जणी वाचल्या. प्रयागबाईंना वाशीमच्या दवाखान्यात अनमच्या शेजारचीच खाट मिळाली. चौथ्या दिवशी अनमनं डोळे उघडले, तेव्हा प्रयागबाईंचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते.