सव्वीस मुलांना चाळीस

शिक्षण कार्यालयाच्या फलकावर शाळांची क्रमवार यादी लागली होती. वरून शोधता शोधता तिची शाळा काही सापडेना. सापडली ती थेट तळाशी. एकेचाळीस शाळांत एकेचाळिसावी!

ती तिथली गणिताची बाई, नोकरीला जेमतेम दीड वर्ष. तळाच्या तीन शाळा बंद करायच्या की नाही, ते आज दुपारच्या बैठकीत ठरणार होतं. आणि शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणजे तिची सख्खी आत्या. लग्नाबिग्नाच्या फंदात न पडता आत्यानं उभी हयात त्या चार वर्गांत घातलेली…

"ही यादी करणाऱ्याला बेरीज तरी येते का?" ती शेजारच्या माणसाला तणतणत म्हणाली.

"येते की," तो म्हणाला. "मीच केलीय."

ती गर्रकन वळली आणि अवाक झाली. खिशावर शाईचा डाग, आणि डोळे असे, की भांडायला आलेल्या माणसानं भांडणच विसरावं.

"आमच्या मुलांना भागाकार येत नव्हता," ती कशीबशी म्हणाली. "आता अपूर्णांक सोडवतात."

"म्हणून तर मी नुसता निकाल मोजत नाही. तसं केलं तर निवडून हुशार मुलं घेणारी शाळाच पहिली यायची. मी वाढ मोजतो. मूल आलं तेव्हा कुठे होतं, आता कुठे आहे."

"मग आम्ही वर असायला हवं ना?"

"मलाही तसंच वाटलं होतं. या, दाखवतो."

त्यानं टेबलावर तक्ता उलगडला. "तुमच्या सातवीत सव्वीस मुलं. वर्षाच्या पहिल्या चाचणीत सगळ्यांना चाळीस. कुणाला एकोणचाळीस नाही, कुणाला एकेचाळीस नाही. जुळीसुद्धा एवढी सारखी नसतात हो."

तो तक्ता तिनंच भरला होता. कुणाला नऊ होते, कुणाला चौदा… लिहायला हातच धजावला नव्हता. कोवळ्या पोरांवर 'ढ' असा शिक्का कशाला, म्हणून पास होण्यापुरते चाळीस सरसकट देऊन टाकले होते. आता तीच मुलं पंचावन्नवर पोचली होती. चौदावरून पंचावन्न! पण कागदावर वाढ दिसत होती फक्त पंधराची.

"मी… मीच बुडवली शाळा."

"माया केलीत," तो हळूच म्हणाला. "पण पायथाच उचलून ठेवला, की चढण कशी दिसणार? खरे पेपर आहेत?"

"कपाटात. एकही टाकला नाही."

"बैठकीला दीड तास आहे. माझ्या सायकलवर मागे बसाल?"

ती बसली. वाटेत त्यानं विचारलं, "नेहमीच एवढ्या गप्प असता?"

"धक्क्यात आहे."

"मीही. मागे कोण बसलंय, त्याच्या."

पेपर आणले, आकडे पुन्हा मांडले, आणि शाळा सहावी आली. सहावी! बैठकीत साहेबांनी चष्मा काढला. "चूक कुणाची?"

"तपासताना माझ्याच—" तो उठत म्हणाला.

"त्यांची नाही," ती ताडकन उभी राहिली. "गुण मी वाढवून भरले होते."

बैठकीला आलेल्या आत्याचा चेहरा पांढराफटक. शाळा वाचली; हिला मात्र लेखी ताकीद मिळाली.

बाहेर व्हरांड्यात आत्या एवढंच म्हणाली, "घरी चल, मग बघते तुझ्याकडे." मग त्याच्याकडे वळली. "आणि तुम्ही रविवारी चहाला या. हे वाढीचं गणित मला नीट समजावून सांगा." आणि ती फाटकाकडे चालू लागली.

"गणित अर्ध्या तासात संपेल," तो हिच्याजवळ पुटपुटला. "उरलेला वेळ काय करू?"

"मला मागणी घाला."

बोलली आणि ती स्वतःच दगडासारखी थिजली. हे वाक्य कुठून आलं? कुणी शिकवलं? कान नुसते तापले होते. तो तर श्वास घ्यायचाच विसरला होता.

"आजच… घातली तर?" शेवटी तो म्हणाला. "रविवारपर्यंत उत्तर मिळेल?"

"तिचा होकार आहे," फाटकापासून, मागे वळूनही न बघता, आत्या म्हणाली. "आता चला लवकर, मला भूक लागलीय."