कोपरा फाडलेलं कार्ड

त्र्याऐंशी सालच्या चैत्रातली गोष्ट. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात, क्षयाच्या खोलीत, दत्तराव कारकून नेहमीसारखे कार्डं लिहायला बसले. गोळ्यांची तारीख चुकवणाऱ्याला आठवणीचं कार्ड धाडायचं, हे त्यांचं काम. दीड वर्ष गोळ्या खाव्या लागत. चार महिन्यांत खोकला थांबला की लोक म्हणत, झालं की बरं. आणि गोळ्या अर्ध्यावर सोडणारा माणूस वर्षभरात जातो, हे दत्तरावांनी नऊ वर्षं डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्या दिवशी वरून कागद आला. चाळीस कार्डं गेली, आले नऊ जण. टपालाचा खर्च पाण्यात. पुढच्या महिन्यात फरक दिसला नाही तर कार्डं बंद. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याचं काय जातंय! गावात कार्ड आलं की खुंटीला अडकायचं. कोणी वाचणारा भेटेल तेव्हा बघू, म्हणेस्तोवर तारीख उलटून जायची. पण कार्डंच बंद झाली तर ते नऊ जणही हातचे जाणार, एवढं दत्तरावांना कळत होतं.

मग त्यांना सुचलं. आपल्याकडे मयताचं कार्ड कोपरा फाडून धाडतात. तसलं कार्ड कोणी घरात नेत नाही. उंबऱ्याबाहेर उभ्या उभ्या वाचून घेतात आणि तिथंच फाडून टाकतात. दत्तरावांनी चाळीसच्या चाळीस कार्डांचा कोपरा फाडला.

शिपाई आश्रुबा दारातून बघत होता.

"साहेब, जित्या मानसाला असलं धाडू नये."

"वाचतील तरी. आत तारखेचंच लिहिलंय."

"आत काय लिवलंय ते तुमाला ठाव. कोपऱ्याला काय ठाव?"

दत्तराव हसले आणि गठ्ठा त्याच्या हातात दिला.

ठरल्या तारखेला एकोणचाळीस जण आले. कोणी शिव्या घालत, कोणी छाती धरून, पण आले. वरून शाबासकीचा कागद आला. दत्तरावांचं मन मात्र चाळिसाव्या नावात अडकलं होतं. मनकर्णा. बावीस-तेवीसची पोर. खोकला लागला तसं सासरच्यांनी तिला ताडकळसला माहेरी धाडलं होतं, बरी झाल्याशिवाय येऊ नको म्हणून. तरी पहिल्याच दिवशी ती म्हणाली होती, "पत्ता सोनपेठकडचा लिवा, भाऊ. सासरचा. मी बरी हून तिथंच जानार हाय." सोळा महिन्यांत मागची एकच तारीख तिची चुकली होती, म्हणून तिलाही कार्ड गेलं होतं. दोनच महिने राहिले होते.

आठ दिवसांनी तिचा सासरा आला. माणिकराव. खोलीत न येता चौकटीला धरून उभा राहिला.

"सूनबाईचं नाव काढा, साहेब."

दत्तरावांची लेखणी थांबली. "कधी गेली?"

"तेच कळंना मला. पंधरा दिसामागं सकाळी तुमचं कार्ड आलं. पोस्टमन म्हनला, मनकर्णाच्या नावाचं हाय. कोपरा फाडलेला. बायकांनी रडायला सुरुवात केली, पुढं कोन वाचतंय? नऊ वाजता आमी समद्यांनी तिच्या नावानं आंघोळी केल्या. सांजच्याला ताडकळसचा मानूस आला सांगायला. म्हनलं, कळलंय आमाला, पानी सोडून बसलो. तर त्यो म्हनला..." माणिकरावाने मागं वळून पाहिलं. "म्हनला, ती तर दुपारी बाराला गेली. नऊ वाजता भाकरी थापायली होती. मधीच म्हनली, मला गार वाजायलंय. कुनीतरी पानी टाकायलंय अंगावर."

दत्तरावांनी नावावर रेघ मारली. रेघ वाकडी होऊन खालच्या नावावर गेली. पोरीला आपणच मारलं, हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. आश्रुबाला सांगायची गरज नव्हती.

वैशाखात पुढची तारीख आली. बारा वाजता ओसरी रिकामी झाली. फिनेलचा वास, बाहेर झळा, झाडावर एक पाखरू नाही. दत्तराव रजिस्टर मिटायला लागले तेव्हा ओल्या कापडाचा वास आला. बाकावर मनकर्णा बसली होती. लुगडं चिंब, केसांतून पाणी गळत होतं, आणि ते काही केल्या थांबत नव्हतं.

"भाऊ... तारीख आजच ना?"

दत्तरावांनी रजिस्टर पुन्हा उघडलं; तिच्या नावावरची रेघ तशीच होती.

"घरी गेल्ते... दारात उभी ऱ्हायले. कोनी आत घेईना. म्हनत्यात, तुझ्या नावानं पानी सोडलंय..." ती खाली बघत बोलत होती. "लय गार वाजतंय, भाऊ. एक कार्ड धाडा. साबूत धाडा... म्हंजे घेतील."

भीती वाटलीच त्यांना, पण भीतीपेक्षा शरम मोठी होती. त्यांनी नवं कार्ड घेतलं, सासरचा पत्ता लिहिला, आत तारीख लिहिली. चारही कोपरे शाबूत आहेत ना, ते बोटांनी चाचपून पाहिलं. मान वर केली तेव्हा बाक रिकामा होता. आश्रुबा कार्डाला हात लावेना, म्हणून दत्तरावांनी स्वतः जाऊन ते पेटीत टाकलं.

पाचव्या दिवशी माणिकराव आला. या वेळी सरळ आत येऊन टेबलासमोर उभा राहिला. रात्रंदिवस जागल्यासारखे डोळे.

"दोन म्हैन्याच्या गोळ्या द्या, साहेब."

"कोणाला?"

"सूनबाईला. कार्ड आलं, त्याच सांजेला ती आली."

"आणि तुम्ही... घरात घेतली?"

"कार्ड साबूत हुतं. न्हाई कसं म्हनावं?"

दत्तरावांनी डबा उघडला. गोळ्या मोजताना आकडा चुकला, पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. पुडी बांधता बांधता त्यांनी हळूच विचारलं, "खोकला कसा आहे?"

"पार थांबलाय." माणिकरावाने पुडी बंडीच्या खिशात घातली. मग वाकून, कोणी ऐकू नये असा म्हणाला, "रातभर मी दाराशी कान देऊन बसतो, साहेब... श्वासबी आइकू येत न्हाई. निस्तं पानी गळायलंय."