भिंतीला आधी हात लावा

आधीच सांगतो, ही गोष्ट बनवलेली नाही. ज्याच्या बाबतीत घडली तो आमच्या गल्लीतला न्हावी. माझी दाढी कित्येक वर्षं तोच करतो. गिऱ्हाइकाला हसवायला चार थापा मारेल, पण बायकोच्या बाबतीत तो खोटं बोलणार नाही. आणि हे त्याने मलाच का सांगितलं, तर आमच्या दोघांच्याही बायका गेल्या, म्हणून.

तुम्हाला वाटेल, रात्रीची गोष्ट असेल.

नाही. जे झालं ते बहुतेक भर दुपारी झालं. लख्ख उजेडात.

त्याच्या बायकोला लहानपणापासून दमा होता, पण आटोक्यात होता. हाताबाहेर गेला तो नव्या घरात.

ते घर घेताना दोघांनी काहीच ठरवलं नव्हतं. भाड्याच्या खोलीला कंटाळले होते. आपलं घर हवं, एवढंच डोक्यात. दलाल न्हाव्याचंच गिऱ्हाईक होता. कमरेला किल्ल्यांचा जुडगा लटकवून फिरायचा, म्हणून सगळे त्याला किल्लीवाला म्हणायचे. "उद्या दुसरी पार्टी बघायला येतेय," म्हणत त्याने घाई लावली. घराला नवाकोरा रंग. झोपायच्या खोलीत भिंतीला चिकटून एक भलंमोठं कपाट.

बायकोने कपाटाशेजारी तळहात टेकवला. तिची करंगळी लहानपणी दारात चेंगरून वाकडी झाली होती. हात टेकला तरी ती करंगळी तेवढी बाहेर राहायची.

"अहो... गार लागतेय भिंत."

किल्लीवाला खो खो हसला. "वहिनी, रंग ओला आहे अजून. भिंत गार नाही लागणार तर काय शेगडीसारखी तापणार?"

राहायला आल्यावर कपाट हलवलं. मागे काळी बुरशी... माणसाच्या उंचीची.

घासली. पुसली. वरून रंग दिला. पुन्हा आली. किल्लीवाल्याला जाब विचारला तर तो म्हणाला, "घर तुम्ही बघूनच घेतलंत की!" सगळी पुंजी त्या घरात गेली होती. सोडून जाणार कुठे? दुसऱ्या थंडीत बायको दवाखान्यात गेली, ती परत आलीच नाही.

शेवटच्या दिवशी तिने त्याला जवळ बोलावलं. एकेका शब्दाला थांबत होती.

"पुढचं घर बघाल ना... तेव्हा भिंतीला आधी हात लावा. बाकी सगळं नंतर."

"बरं. तू आता बोलू नकोस."

"आणि त्याला..."

"कुणाला?"

"त्याला मी बघून घेईन."

आयुष्यात कुणाला वाकडा शब्द न बोललेली बाई. तापात बरळतेय, असं त्याला वाटलं.

ती गेली आणि काही दिवसांनी त्यांची शाळेत जाणारी लेकही खोकायला लागली.

मग मात्र मेहुणी घर बदला म्हणून हात धुऊन मागे लागली. बायकोची धाकटी बहीण ती, तोंडाने फटकळ. एका रविवारी दुपारी तिने त्याला आणि लेकीला जेवणाच्या टेबलाशी बसवलं.

"भाऊजी, मागच्या वेळसारखं करायचं नाही. आधी ठरवायचं, मग बघायचं. प्रत्येकाने एकच गोष्ट सांगा, जिच्याशिवाय अजिबात चालणार नाही."

"दुकान जवळ हवं," तो म्हणाला.

"दुकान काय पळून जातंय का? चार पावलं चाला, पोट कमी होईल. तू सांग गं बारके."

लेकीचं इकडे लक्ष नव्हतं. ती झोपायच्या खोलीच्या दाराकडे बघत होती.

"आई म्हणते, कोरडी भिंत."

मेहुणीचा चेहरा उतरला. दवाखान्यातलं ते बोलणं न्हाव्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. लेकीला तर नाहीच.

आणि तेवढ्यात... आतून खोकला आला.

कोरडा. ओळखीचा.

आत कुणी नव्हतं.

मेहुणीने उठून त्या खोलीचं दार ओढून घेतलं. मग हळूच म्हणाली, "ठरलं तर मग. कोरडी भिंत पहिली. शाळा दुसरी. तुमचं दुकान सगळ्यात शेवटी. आणि यावेळी दलाल तरी दुसरा बघा."

"नाही. तोच."

"डोकं ठिकाणावर आहे ना भाऊजी?"

"तोच," तो म्हणाला. का म्हणाला, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

किल्लीवाला हसत हजर झाला. लाजलज्जा काही नाही. "वहिनींचं ऐकून फार वाईट वाटलं हो," म्हणाला, आणि लगेच जुडग्यातली किल्ली शोधायला लागला.

पहिलं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. खिडक्यांतून भरपूर ऊन. ताजा रंग. लेकीला मेहुणीने खालीच थांबवलं होतं, जिने चढले की तिला धाप लागायची. न्हाव्याने भिंतीला हात लावला.

कोरडी होती.

हात काढला... आणि त्याच्या हाताच्या शेजारी दुसरा हात उमटला.

ओला. लहान. बाईचा.

करंगळी वाकडी.

"पोरीने हात लावला वाटतं," किल्लीवाला म्हणाला आणि रुमालाने पुसायला लागला. पुसता पुसता रंगाचा पापुद्रा सुटून हातात आला. खाली सगळं काळं.

"पोरगी खाली आहे," न्हावी म्हणाला.

किल्लीवाल्याने रुमाल खिशात कोंबला.

दुसऱ्या घरातही तेच. हात उमटला, त्याखाली रंग फुगला, फुटला, आत बुरशी. यावेळी किल्लीवाला एकदम मागे वळला.

"त्या पोरीला बाहेर घेऊन जा हो! माझ्या मानेवर खोकतेय."

मागे कुणीच नव्हतं. त्याची मान मात्र ओली होती. थेंब कॉलरमध्ये उतरत होता.

तिसरं घर तो दाखवायलाच तयार नव्हता. म्हातारा मालक, जुना विटलेला रंग, शिवाय त्याची दलाली फारशी सुटणारी नव्हती. मेहुणीने रेटलं, तेव्हा नाक मुरडत घेऊन गेला. न्हाव्याने खोलीन् खोली फिरून प्रत्येक भिंतीला हात लावला. लेकीनेही लावला.

कोरडी. सगळी कोरडी.

शेजारी हात उमटेल म्हणून तो वाट बघत राहिला. काहीच नाही. खोकला नाही. आवाज नाही.

"आई कुठंय?" त्याने लेकीला हळूच विचारलं.

"बाहेर उभी आहे. तिला इथे येता येत नाही."

किल्लीवाला कुलूप लावून पुढे निघाला. जिन्यावरून किल्ल्यांचा खुळखुळाट खाली गेला. आणि त्याच्या मागून... ओल्या चपलांचा आवाज.

चपक. चपक. चपक.

प्रत्येक पायरीवर ओलं पाऊल उमटलं होतं. सगळी पावलं त्याच्याच मागे.

आधीचं घर तोट्यात विकून, वर कर्ज काढून न्हाव्याने ते घर घेतलं. लेकीचा खोकला हळूहळू थांबला. मेहुणी खूश. तो मात्र रोज भिंतीला हात लावायचा. भिंत रोज कोरडी.

ती त्यांच्याबरोबर आलीच नव्हती.

मग एका दुपारी किल्लीवाला दुकानात दाढीला आला. अर्धा झाला होता. खुर्चीत बसल्या बसल्या खोकला. न्हाव्याने अंगावर कापड टाकताना आरशात बघितलं. शर्टाच्या खांद्यावर ओला पंजा.

"काय झालं हो?"

"घरात ओल शिरलीय. तीनदा रंग दिला. प्लंबर म्हणतो, त्या बाजूला पाइपच नाही. मग पाणी येतं कुठून?"

"कुठली भिंत?"

"उशाकडची. झोपलो की छातीवर कुणी हात दाबून धरल्यासारखं होतं. श्वासच पुरत नाही रे."

न्हाव्याने वस्तरा गळ्यावर टेकवला.

"गार लागते का भिंत?"

"बर्फासारखी."

"रंग ओला असेल अजून," न्हावी म्हणाला. "भिंत गार नाही लागणार तर काय शेगडीसारखी तापणार?"

आरशातून किल्लीवाला त्याच्याकडे बघत राहिला. त्याला आठवलं. तोंड उघडलं, पण खोकल्याने बोलू दिलं नाही.

त्यानंतर तो दुकानात आला नाही. निरोप आला, अंथरूण धरलंय, दाढी घरी येऊन कर.

न्हावी गेला. घर मोठं, पण आत शिरताच ओलीचा वास. किल्लीवाल्याची बायको कंटाळून माहेरी निघून गेली होती. किल्लीवाला लोडाला टेकून धापा टाकत होता. उशाशी किल्ल्यांचा जुडगा, गंजलेला.

दाढी झाली. न्हाव्याने पेटी बंद केली. आणि भिंतीला हात लावला.

भिंतीच्या आतून... हाताला हात लागला.

बोटाला बोट. करंगळी तेवढी बाहेर.

गार नव्हता. ऊबदार होता. आणि ती खोकत नव्हती. भिंतीला कान लावला तर आत श्वास ऐकू येत होता, मोकळा, भरपूर. बुरशीच्या त्या घरात राहायला आल्यापासून तिला एकदाही तसा मिळाला नव्हता.

"ओली आहे ना?" किल्लीवाला रडवेला झाला होता. "खरं सांग. विकून टाकतो मी हे घर. कुठेतरी कोरड्या जागी जातो. वाचेन तरी."

एका शब्दात सुटका होती. नुसतं "हो" म्हणायचं होतं.

न्हाव्याचा हात भिंतीवरच होता.

"नाही," तो म्हणाला. "खडखडीत कोरडी आहे. चांगलं घर आहे. कशाला सोडताय?"

तेव्हापासून तो दर आठवड्याला तिथे दाढीला जातो.

हे त्याने मला परवा सांगितलं, माझ्या गालाला साबण लावता लावता. त्याचा उजवा तळहात माझ्या हनुवटीला लागला. पाण्यात फार वेळ राहिल्यासारखा सुरकुतलेला होता. मी म्हणालो, "अरे बाबा, अशाने तो माणूस मरेल."

"मरेलच," तो म्हणाला. "त्याचं काही नाही. पण तो गेल्यावर ती कुठे जाईल, याची काळजी लागलीय."

 अर्धी दाढी तशीच ठेवून मी उठलो.

घरी आलो. आमच्या खोलीत गेलो. माझी बायको ज्या बाजूला झोपायची, तिकडच्या भिंतीला हात लावला.

कोरडी होती.

आज सकाळी पुन्हा लावून बघितला.