उजवीकडचा भार

इंजिन लावलं की हँग ग्लायडर डावीकडे ओढतो. यात गूढ काही नाही. पायांमागचा प्रोपेलर एका दिशेने फिरतो, म्हणून बाकीचं सगळं दुसऱ्या दिशेने कलू पाहतं. जोर जितका जास्त, तितकी ओढ जास्त. आम्हाला वर स्टिअरिंग नाही की पेडल नाही. पंखाखाली पालथं लोंबकळायचं आणि आपलं अंग सरकवून पंख वळवायचा. तेव्हा थ्रॉटल पूर्ण दिला की अंग जरा उजवीकडे न्यायचं आणि इंजिन बंद केलं की लगेच मध्ये यायचं. नाही आलं तर पंख उजवीकडे वळतो. हे मी इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितलंय की मी झोपेतसुद्धा तेच बडबडतो, असं बायको म्हणते.

मी हे पंख दुरुस्त करतो, तपासतो आणि उडवायला शिकवतो. दाजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, हे माझे पहिले विद्यार्थी आणि सगळ्यांत हट्टी. उजवीकडे जायला ते कधी चुकले नाहीत, मध्ये यायला मात्र हमखास उशीर. इंजिन बंद झालं तरी स्वारी आपली उजवीकडेच. मी खालून घसा फोडायचो. उतरल्यावर म्हणायचे, "अरे, येतोय ना! घाई काय आहे?" गेल्या वर्षी ते झोपेतच गेले. त्यांचा पंख शेडमध्ये गुंडाळून पडला होता.

आता तो भाचीला हवा होता. ती दातांची डॉक्टर. माझ्याकडे शिकून तयार झाली होती, पण उडवीन तर बाबांचाच, हा एकच धोशा. ताई मला म्हणाली, "मला त्यातलं काही कळत नाही. तू तपास. तू हो म्हणालास तर हो. पण तिला काही झालं ना, तर मी तुला..." ताईने आजवर कोणाचं उडणं पाहिलेलं नाही. मैदानाच्या टोकालाच तिचं घर आहे. कोणी हवेत असलं की ती अंगणातल्या बाकावर मैदानाकडे पाठ करून बसते.

म्हणून आधी मी उडवला. थ्रॉटल पूर्ण दिला, सवयीने अंग उजवीकडे नेलं आणि पंख उजवीकडेच वळायला लागला. झाडांना घासता घासता वाचलो. मध्ये आलो तर सरळ. रेघ आखल्यासारखा सरळ.

दुसरा कोणी खूश झाला असता. मी खाली येऊन सगळं उकललं. नळ्या, तारा, कापडाची शिवण, सगळं मापून पाहिलं. तेच इंजिन घेऊन दुसरा पंख उडवला, तर डावीकडे ओढ, हवी तशी. दुसरं इंजिन घेऊन हा पंख उडवला, तर सरळ. हात्तिच्या, म्हटलं, म्हणजे पंखच उजवीकडे कलता असणार. मग इंजिन न लावता टेकडीवरून उडवला. तेव्हाही सरळ.

म्हणजे इंजिनाचा जोर असेल तेव्हाच उजवीकडे भार येत होता. काहीतरी असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पुन्हा इंजिन लावून वर गेलो आणि तिथे ते बंद केलं. पंख क्षणभर उजवीकडे वळला, मग सावकाश सरळ झाला. माझं अंग मध्येच होतं. तो उशीर मी चांगलाच ओळखत होतो.

घाबरलो. खोटं कशाला बोलू? पण नको तरी कुठल्या तोंडाने म्हणणार? पंख फार सरळ उडतो म्हणून? भाची खो खो हसली असती आणि कुणाचा तरी जुनापुराणा पंख विकत घेऊन मोकळी झाली असती.

खरा पेच पुढेच होता. आमच्या धावपट्टीच्या डावीकडे विजेच्या तारा आहेत, उजवीकडे उंच झाडं. आणि पूर्ण जोर लागतो तो नेमका तिथे, जमीन सुटताना. उजवीकडे जा म्हणावं आणि तो भारही आला, तर झाडं. मध्ये राहा म्हणावं आणि तो भार आला नाही, तर तारा. इकडे आड, तिकडे विहीर. मी सांगेन ते ती डोळे झाकून करणार होती.

ती उडवणार त्या सकाळी दव पडलं होतं. धावपट्टी तेवढी कापलेली, बाकी मैदानभर गुडघाभर गवत, ओलं, पांढरट. वारा नव्हता. तिने पंख खांद्यावर घेतला.

"मामा, उजवीकडे नेहमीइतकंच ना?"

मी तिच्या हार्नेसचे पट्टे पुन्हा ओढून पाहिले.

"अरे, बोल की! खांदा मोडला माझा."

"नेहमीइतकंच," मी म्हणालो. "शिकवलंय तसं."

मग पंखाच्या पुढच्या तारा तपासायच्या निमित्ताने त्याच्या नाकाशी गेलो आणि हळूच म्हणालो, "दाजी, आता सोडा. ती करेल."

"काय म्हणालास?"

"काही नाही. पळ."

ती पळाली. इंजिन किंचाळलं. पाय सुटले.

तिचं अंग उजवीकडे गेलेलं मला स्वच्छ दिसत होतं. आता पंख कुठे जातो, तेवढंच पाहायचं होतं.

सरळ गेला.

तारा एका बाजूला, झाडं एका बाजूला आणि पोरगी मधून वर. होतो तिथे गवतात बसलो आणि रडलो.

उतरली तेव्हा तिचा चेहरा फुलला होता. "डावीकडे ओढतोय की चांगलाच! तू असं तोंड करून उभा होतास, मला वाटलं काय राक्षसच आहे."

"ओढतो ना? नक्की?"

"ओढणारच! तूच शिकवलंस ना?" म्हणाली आणि पाणी प्यायला गवतात उभ्या केलेल्या आमच्या व्हॅनकडे निघाली.

स्वतः पाहिल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं. इंजिन लावलेलं हार्नेस अंगावर चढवलं आणि तोच पंख घेऊन धावलो. पूर्ण थ्रॉटलला तो डावीकडे ओढू लागला, अगदी पुस्तकात असतो तसा. बरं वाटलं. वाईटही वाटलं. त्या पंखाखाली मी पहिल्यांदाच एकटा होतो.

वर जाऊन वळलो. खाली दवात तिच्या पावलांची गडद वाट उमटली होती, धावपट्टीपासून व्हॅनपर्यंत. तिच्या उजव्या हाताला लागून दुसरी एक वाट होती.

भाची व्हॅनपाशी थांबून मला हात करत होती. दुसरी वाट थांबली नव्हती. गवत वाकवत, सावकाश, ती मैदानाच्या टोकाकडे चालली होती.

मी ओरडलो. इंजिनाच्या आवाजात माझंच मला ऐकू आलं नाही.

ताई अंगणात बाकाच्या मधोमध बसली होती, मैदानाकडे पाठ करून. गवतातली वाट तिच्या कुंपणापाशी संपली.

ताईने मागे वळून पाहिलं नाही. नुसती थोडी डावीकडे सरकली आणि बाकावर उजवीकडे एका माणसापुरती जागा केली.