राहिलेला हुंकार

गावातल्या मस्तगड भागात शिवनारायणजींच्या गोदामावर एक लांब खोली आहे. खाली सरकीची पोती, वर आमच्या गाण्याच्या बैठकी. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो आणि व्हायोलिन वाजवतो, त्यामुळे आवाज जास्त घुमला की मंडळी माझ्याकडे बघतात आणि मी खिडक्यांना गोधड्या टांगतो. आवाजाला कारण असतं, एवढं मला कळतं.

यंदाची बैठक कल्याणसाठी होती. माझा जुना विद्यार्थी, वडीगोद्रीचा, पुढे सैन्यात गेलेला. सीमेवर तोफगोळ्यात गेला, त्याला वर्ष होत आलं होतं. तिकडून त्यानं रचलेल्या कविता म्हणायच्या आणि मध्ये व्हायोलिन, तबला, तानपुरा, असं ठरलं. अडचण एकच. कविता त्यानं लिहून ठेवल्याच नव्हत्या. दर रविवारी फोनवरून आईला ऐकवायचा. झुंबरबाईंना सगळ्या तोंडपाठ.

तालमीला त्या कडूबांना, म्हणजे नवऱ्याला, घेऊन आल्या. प्रत्येक ओळ म्हणून झाली की थांबायच्या आणि स्वतःच "हं" म्हणायच्या. मी कारण विचारलं.

"आमच्याकडं कहानी ऐकनाऱ्यानं हं म्हनावं लागतं, सर. न्हाई म्हन्लं तर सांगनारा थांबतो."

शेवटची कविता मात्र अर्धीच होती. ऐकवता ऐकवता फोन कटला होता. त्यानंतर जो फोन आला तो दुसऱ्याच माणसाचा.

"माझा हं त्याच्यापत्तूर गेलाच न्हाई," झुंबरबाई म्हणाल्या. "त्यो तिथंच थांबून वाट बघून राह्यला आसंल."

कडूबा भिंतीकडे बघत बसले. उरलेली कविता मी मारवा रागात वाजवीन, असं कबूल करून टाकलं. शिकलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार!

बैठकीला खोली भरली. ऊन कलतं झालं होतं. झुंबरबाई न अडखळता एकेक कविता म्हणत गेल्या, आम्ही मागोमाग वाजवत गेलो. समोरची पोरंबाळं असलेली माणसं डोळे पुसत होती. मग शेवटची आली.

"आई, इथं बर्फावर पाऊल वाजत नाही.
माणूस जवळ आला तरी कळत नाही.
अंधारात हात पुढं केला की वाटतं, तू..."

इथं मी सुरू करायचं होतं. मी गज ओढला.

व्हायोलिन वाजलं नाही.

गज तारेवरच होता. बोटांना तारेची थरथर जाणवत होती. शेजारी तानपुऱ्याला बसलेल्या शीतलची बोटं तारांवर फिरताना दिसत होती, तबल्यावर हात पडत होता. खालच्या रस्त्यावर रिक्षांचा गोंगाट असतो, तोही नाही. माझे कान गेले असं मला वाटलं.

"हं," झुंबरबाई म्हणाल्या.

सगळे आवाज एकदम परत आले. आणि लगेच गेले.

"हं."

शांतता कधी आखूड, कधी लांब. कवितेच्या ओळी असतात तशी. फोन कानाला लावल्यावर माणूस मान कलती करतो, तशी त्यांनी केली होती.

"हं."

मी गज मांडीवर ठेवला.

शेवटची शांतता फार लांबली. झुंबरबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी एकदा कडूबांकडे बघितलं. मग हलकेच "हं" म्हणाल्या आणि तानपुरा ऐकू येऊ लागला.

"मधी मधी थांबायचं बराबर जमवलं, सर," शिवनारायणजी मला म्हणाले. सगळ्यांना ती आमचीच योजना वाटली होती.

जिन्याखाली मी झुंबरबाईंना गाठलं. "पुरी झाली कविता?"

"झाली." वर्षभरात पहिल्यांदाच त्यांचा चेहरा निवलेला दिसत होता. "शेवटी इचारलं त्यानं."

"काय?"

"एकट्याला करमत न्हाई, येतीस का म्हन्ला." त्यांनी पदर सावरला. "मंग मी हं म्हन्लं."

मी काहीतरी बोललो. मनाचे खेळ असतात, मावशी, असलंच काही. जीपमध्ये बसलेले कडूबा हाका मारत होते, "चल गं, जल्दी, जीप भरली." त्या त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या.

ड्रायव्हरनं चावी फिरवली. धूर निघाला. चाकं हलली. कडूबा बायकोकडे वळून काहीतरी बोलत होते, त्यांचे ओठ हलताना दिसत होते.

आवाज नव्हता.

मी रस्त्याच्या मधोमध उभा राहून, झुंबरबाई हं कधी म्हणतात, त्याची वाट बघत राहिलो.