‘शिशिर’ची उघडी खिडकी

चंदनाचं दार बाई, त्याले रुप्याची कडी
बाहेरून लावी कोन, आत झुरे कोन वेडी

जात्यावर बसलेल्या आईचा हा आवाज देवराव मेश्रामांनी लहानपणी ऐकलेला. जातं गेलं, आईही गेली. पण मे महिन्याच्या दुपारी सीताबर्डीच्या त्यांच्या डिटेक्टिव कचेरीत कूलर घरघरू लागला, की त्या घरघरीच्या तळाशी तो आवाज अजून दळत बसायचा.

शहात्तर सालच्या एका दुपारी दार ढकललं गेलं आणि तो आवाज थांबला. पांढऱ्याशुभ्र सफारीतले एक गृहस्थ आत आले आणि नमस्कार करण्याआधी त्यांनी समोरची अर्धी उघडी खिडकी लावून घेतली.

“उन्हाची एवढी लू आत घेता तुम्ही?”

ते खुर्चीत टेकतात न टेकतात तोच खोली घामेजली. देवरावांचा मदतनीस मुकुंद उठला आणि त्यानं खिडकी पुन्हा उघडली. वारा वाहता झाला.

“मी गोपाळराव. ‘शिशिर’ हॉटेलचा मालक.”

‘शिशिर’ अख्ख्या नागपूरला माहीत होतं. प्रत्येक खोलीत एसी. ‘मे महिन्यात शिशिर’ ही त्याची पाटी वाचूनच उन्हातल्या सायकलवाल्यांना गार वाटायचं.

“हॉटेल विकतोय मी,” गोपाळराव म्हणाले. “मौद्याचे राइस मिलवाले रुपराव घेणार होते. हॉटेलची पारख करायची म्हणून बायकोला घेऊन राहायला आले. गाद्या दाबून पाहिल्या, नळ सोडून पाहिले, वरणाची चव पाहिली. आज सौदा ठरायचा, तर आजच त्यांच्या खोलीतून त्यांच्या आईचा सोन्याचा गोफ गेला. ते म्हणतात, आमच्या भीमाबाईनं घेतला. झाडलोट करते ती. चादरींच्या खोलीत कोंडून ठेवायला लावलंय तिला. संध्याकाळपर्यंत गोफ मिळाला नाही तर पोलीस.”

“आणि तुम्हाला काय वाटतं?”

“माझ्या हॉटेलात भीमाबाई पहिल्या दिवसापासून आहे. पण त्या मजल्याची किल्ली तिच्याचकडे असते. मी काय बोलू?”

निघताना मुकुंदनं सवयीनं डोक्याला दुपट्टा गुंडाळला आणि टोपलीतला एक कांदा खिशात टाकला.

“काय हो हे,” गोपाळराव हसले. “खाली मोटार आहे माझी.”

मुकुंदनं ओशाळून कांदा परत टोपलीत ठेवला.

बारा नंबरची खोली खरोखर शिशिरासारखी होती. एसीखाली सूचना लावली होती: ‘खिडक्या बंद ठेवाव्यात.’ पलंगाच्या कडेला एक तरुण बाई पदर घट्ट ओढून बसली होती. गालिच्यावर येरझारा घालणारे रुपराव पन्नाशीचे. बंद गळ्याचा कोट, बोटांत अंगठ्या.

“डिटेक्टिव आणला का?” ते गोपाळरावांना म्हणाले. “आणा, आणा. चोरीच्या हॉटेलाले मी तो भाव देनार नाही, एवढं आताच सांगून ठेवतो. अर्ध्यावर या, मंग बोलू.”

“आधी गोफाचं बोलू,” देवराव म्हणाले. “काय झालं?”

“सकाळी मी वकिलाकडे गेलो. दाराले किल्ली लावून गेलो. ही आत झोपून होती. दुपारी वापस आलो, कपाट उघडलं, गोफ गायब. मंग पाहिलं तं खिडकी उघडी.”

“पूर्ण उघडी?”

“नाही जी. चार बोटं. आकडा लावून होती. म्या बंद केली.”

देवरावांनी खिडकी पाहिली. चौकटीला लोखंडी आकडा होता. खिडकी हवी तेवढी उघडून आतून अडकवायचा. खाली पोर्चचं छप्पर होतं. खिडकीच्या आतल्या फळीवर, पडद्याआड, एक कांदा पडला होता. अख्खा, सालीसकट.

“जेवणासोबत आला असेल,” मुकुंद कुजबुजला.

देवरावांनी कांदा खिशात टाकला आणि ते कपाटाकडे वळले. कुलपावर ओरखडासुद्धा नव्हता.

“याची किल्ली?”

रुपरावांनी कमरेची साखळी वाजवली. “माह्याजवळ. पन तारेनं काय उघडत नाही? या बाया लय हुशार असतात.”

“आणि दाराची? गोपाळराव, बाहेरून किल्ली फिरवली तर आतल्या माणसाला उघडता येतं?”

“किल्ली असेल तर. म्हणून प्रत्येक खोलीला दोन किल्ल्या देतो. रुपरावांनी दोन्ही आपल्याकडे ठेवल्या.”

“बायकोले किल्ली काय करायची?” रुपराव म्हणाले. “तिले कुठं जायचं हाय? पारशिवनीकडची पोरगी. बापाच्या घरी लाइट नव्हता, सरळ माह्या घरी एसीत आली. मौद्यात पहिला एसी माहा. कूलर काय असते, हे तिले अजून माहीत नाही. राज्य करून राहिली राज्य.”

देवराव त्या बाईसमोर स्टूल घेऊन बसले. तिचं नाव गोपिका.

“ताई, गोफ शेवटचा कधी पाहिला तुम्ही?”

गोपिकाची नजर वर उठली, नवऱ्याच्या गळ्यापर्यंत गेली आणि तिथूनच माघारी फिरली. “काल. मंग मी झोपून होती.”

“दुपारी कोणी आलं होतं?”

“नाही.”

“बऱ्या आहात ना?”

“मी बरी हाय,” ती म्हणाली. पाढा म्हणावा तसं.

एवढ्यात एसी धापा टाकून गप्प झाला.

“लाइट गेला,” गोपाळराव शरमले. “दिवसभरात पहिल्यांदाच.”

काचेतून ऊन आत ढकलत होतं. बघता बघता खोली भट्टी झाली. गोपाळरावांनी सफारीची वरची बटनं सोडली. मुकुंदनं दुपट्ट्यानं मान पुसली, मग खिडकी उघडली, तर आत आली नुसती झळ. रुपरावांच्या कानशिलांवरून घामाच्या धारा लागल्या होत्या. कोट मात्र गळ्यापर्यंत बंद होता.

चादरींच्या खोलीला बाहेरून कडी होती. आत स्वच्छ टॉवेलांच्या चळतीमागे भीमाबाई भिंतीला टेकून बसली होती. पंचेचाळिशीची, पांढरं लुगडं, कोरडे डोळे. वारा येईल अशी एक फट नव्हती तिथं.

“गोफ म्या पाह्यलाही नाही,” तिनं सांगून टाकलं. “बाकी इचारू नका.”

“खिडकीचं विचारतो. बारा नंबरची खिडकी सकाळी बंद होती?”

“म्या सोता कडी लावली. या खिडक्याईनं जीव खाल्ला माहा. लोक घरून कूलरची सवय घेऊन येतात नं. एसी लावतील आन् वरून खिडकी चार बोटं उघडतील. म्हनतात, हवा बाहीर गेली नाही तं गार कसं लागन? मी दिवसभर मांगं मांगं बंद करत फिरतो.”

“त्या बाईसाहेबांनी कधी उघडली?”

“तिनं? नाही बाप्पा. ते खिडकीजोळ जाऊन नुसती उभी राहाते.”

“तुम्ही आज त्यांचं दार उघडलं होतं का?”

भीमाबाईनं टॉवेलांची चळत सारखी केली. मग विचारलं, “ते बरी हाय नं जी?”

“तुम्ही इथं कोंडलेल्या, आणि विचारता तिचं?”

“मले संध्याकाळी तं बाहीर काढतीन. ठान्यात का होईना.”

बाहेर आल्यावर मुकुंद म्हणाला, “भाऊ, दार हिनंच उघडलं. चेहऱ्यावर लिहिलंय.”

“उघडलं. पण ते सांगितलं नाही तर हिला तुरुंग आहे, आणि सांगितलं तर दुसऱ्या एकीला, नवऱ्याच्या घरी.”

“म्हणजे?”

“चल. ऊन कललं. तिलाही सोबत घे.”

बारा नंबरमध्ये सगळे जमले. वीज आली नव्हती. रुपराव रुमालानं तोंड पुसत होते.

“बोला पटकन. ठान्यात फोन करायचा हाय.”

“आधी चोर बाहेरून आला का, ते पाहू,” देवरावांनी सुरुवात केली. “चार बोटांच्या फटीतून माणूस शिरत नाही. मोठी उघडून शिरला असं धरलं, तर जाताना तो बाहेरून आतला आकडा कसा लावेल? म्हणजे खिडकी आतल्याच कोणीतरी उघडली. वारा खेळावा म्हणून.”

“मंग हिनंच उघडली असन,” रुपरावांनी भीमाबाईकडे बोट केलं.

“भीमाबाई दिवसभर दुसऱ्यांनी उघडलेल्या खिडक्या लावत फिरते. ती उघडणार नाही. तुमच्या पत्नीला कूलर ठाऊक नाही, हे तुम्हीच सांगितलंत. एसीत बसून खिडकी उघडतो तो कूलरच्या घरातला माणूस. आमच्या मुकुंदासारखा. आणि चोर असा बसत नाही. घेतो आणि जातो. जो आला तो निवांत बसला, गुदमरला, मग त्यानं खिडकी किलकिली केली.”

देवरावांनी खिशातला कांदा काढून मेजावर ठेवला.

“हा त्या फळीवर होता. हॉटेलातला कांदा चिरून येतो, सालीसकट नाही. आपल्याकडे उन्हात पायी निघणारा माणूस लू लागू नये म्हणून जवळ कांदा ठेवतो. रुपराव मोटारीतून फिरतात. ताई खोलीबाहेर गेल्या नाहीत. गोपाळरावांना तर मुकुंदाच्या कांद्याचं हसू आलं होतं. म्हणजे भर दुपारी कोणीतरी उन्हातून चालत इथं आलं, कांदा फळीवर ठेवला, बोलत बसलं आणि न्यायला विसरलं. काळजीत असला की माणूस असं विसरतो.”

गोपिकानं पदर तोंडाशी धरला.

“मंग सापडला नं चोर,” रुपराव म्हणाले. “कोन होता तो?”

“तो चोर नव्हे. दार भीमाबाईच्या किल्लीनं उघडतं, कपाट नाही. कपाटाच्या कुलपाला ओरखडा नाही, आणि त्याची किल्ली एकाच साखळीला आहे.”

देवराव रुपरावांकडे वळले.

“तुम्ही वकिलाकडून आलात, रुपराव. बाहेर आग, आत बायको. माणूस आधी पाणी मागतो. तुम्ही आधी कपाट उघडलंत, खिडकी नंतर पाहिलीत. कारण खिडकी तुमच्या बेतात नव्हती, कपाट होतं. गाद्या, नळ, वरण, कशातच खोट निघेना. मग किंमत उतरवायची कशी? चोरीच्या हॉटेलाला अर्धा भाव. नोकरानं केलेल्या चोरीच्या हॉटेलाला तर तेवढाही नाही.”

“मुकाट्यानं ऐकून राहिलो म्हनून काहीही बोलसान? गोफ हाय कुठं मंग?”

“लाइट गेल्यावर आम्ही सगळ्यांनी गळे मोकळे केले. तुम्ही एक बटन सोडलं नाही. आत्ताही नाही.”

रुपरावांचा हात कॉलरकडे गेला आणि मध्येच थांबला. मग ते हसले.

“माह्या आंगाले हात लावायची कोनाची टाप हाय? गोफ असन तरी माहा हाय. माह्याच गोफाची चोरी म्या कशी करीन? सकाळी कपाटात होता, मंग गेला, हे मी सांगतो. खोटं हाय हे कोन सांगन? हे झाडनारी बाई? हिचं ठान्यात कोन ऐकते? गोपाळराव, फोन लावा.”

गोपाळरावांनी देवरावांकडे पाहिलं.

“ते म्हणतात ते बरोबर आहे,” देवराव म्हणाले. “मी तर्क केला. पाहिलं नाही. झडती घ्यायचा अधिकार मला नाही.”

“भाऊ,” मुकुंद हलकेच म्हणाला, “पण आलं कोण होतं?”

“ते मला कळलं असलं तरी मी सांगणार नाही. ते दुसऱ्याचं आहे.”

भीमाबाईनं लुगड्याचा पदर खांद्यावर सारखा केला आणि ती दाराकडे निघाली. जणू ठाण्यात चालतच जायचं होतं. गोपिकाजवळून जाताना ती क्षणभर थांबली. “राहू दे वं पोरी,” एवढंच म्हणाली. “बोलू नको.”

गोपिका उठली. नवऱ्याकडे न पाहता ती देवरावांशी बोलू लागली, आधी इतक्या हळू की मुकुंदला पुढे वाकावं लागलं.

“मी झोपून नव्हती. डोळे मिटून होती. यायनं सकाळी कपाटातून गोफ काढला, आरशासमोर गळ्यात घातला, वरून कोट घातला. आरशातून म्या पाह्यलं.”

“गोपिका,” रुपराव म्हणाले. “तोंड बंद कर.”

“दुपारी माही बहीण आली होती, शामला. भीमाबाईच्या शेजारी राहाते, तिचा नवरा कूलर दुरुस्त करते. माय धंतोलीच्या दवाखान्यात पडून हाय, मले पाहाचं म्हनते, हे सांगाले आली होती. यायले चार दिस आधी निरोप देल्ला होता. यायनं मले सांगितला नाही.” तिनं श्वास घेतला. “शामला म्हने, चाल. दार उघडं होतं. तरी मी गेली नाही. मायले सांग, म्हनलं, मी बरी हाय.”

रुपरावांनी पाऊल पुढे टाकलं. गोपाळराव, आयुष्यभर गिऱ्हाइकाला वाट देत आलेला माणूस, त्यांच्या आणि तिच्या मध्ये उभे राहिले.

“ठान्यात फोन लावा जी,” गोपिका त्यांना म्हणाली. “हे सगळं मी तिथं सांगतो. पन आधी मले धंतोलीत जाऊ द्या.”

“मोटार खाली उभी आहे,” गोपाळराव म्हणाले.

ती दारापर्यंत गेली. चौकटीला हात लावून थांबली आणि आता पहिल्यांदा तिनं नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं.

“बरी नाही मी,” ती म्हणाली. “लग्न झालं तवापासून नाही.”